मदत हवी आहे: ओपन स्पेसमधल्या भाजीबागेत सामील कसं व्हायचं?

पालवी_नवी
रोहिण्या लागल्या, मृग तोंडावर आलाय, म्हणून घाईने विचारतेय. आमच्या इथे ओपन स्पेसमध्ये काही घरं मिळून भाजी लावतात. मलाही करायचंय. विचारलं की "बघू" म्हणतात. नेमकं कोणाला भेटायचं? अर्ज लागतो का? प्लीज लवकर सांगा.

गिरणाकाठ
ताई, गाव कोणतं? जागा महापालिकेची की सोसायटीची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गच्चीवाला
ओपन स्पेसच्या नादी लागू नका. गच्चीवर ग्रो बॅग ठेवा. माती, गांडूळखत, कोकोपीट समसमान घ्यायचं. होळी झाली की वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायची. कोणाचे पाय धरायला नको.

पालवी_नवी
जळगाव. लेआउटमधली जागा आहे, मालक कोण माहीत नाही. गच्ची नाही, आम्ही भाड्याने राहतो. आणि मला लोकांबरोबरच करायचंय, एकटीने कुंड्या लावून झाल्या.

गिरणाकाठ
लेआउट मंजूर होताना ओपन स्पेस सोडावीच लागते, आणि पुष्कळदा ती पालिकेच्या ताब्यात गेलेली असते. नगररचना विभागात मंजूर नकाशा बघा. पालिकेची निघाली तर आयुक्तांच्या नावे अर्ज, खाली कॉलनीतल्यांच्या सह्या. एकटीचा अर्ज पडून राहतो. आणि तिथे सुबाभूळ-बाभूळ उभी असेल तर कुऱ्हाड लावू नका, १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते.

आप्पा_धुळेकर
आमना धुयामा बी असंच से. ताई, कागद नंतर. लोक "बघू" का म्हणतात? पावसाळ्यात सगळे हौशी येतात, मे महिन्यात बादली उचलायला कोणी नसतं. नळाला रोज पाणी नाही, त्यावरूनच भांडणं होतात. तुम्ही जागा मागू नका, पाणी घालायची पाळी मागा.

गिरणाकाठ
आप्पा, कागद नंतर म्हणता, आणि उद्या पालिकेचा जेसीबी आला तर वाफे कोण वाचवणार?

आप्पा_धुळेकर
भाऊ, ओळख नसलेल्या भाडेकरूच्या अर्जावर सही कोण करणार? आधी माणसं जोडा.

केळीपट्टा
भरताची वांगी लावा! आसोद्याकडचं बी मिळालं तर सोनं. जळगावच्या भरीत वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय २०१६ मध्ये. तुरकाठ्यांवर भाजलं की जी चव येते ती गॅसवर नाहीच.

पालवी_नवी
वांग्याचं नंतर बघते दादा. एक कोपरा रिकामा आहे, गाजरगवत माजलंय म्हणून कोणी घेत नाही. काळी माती आहे. तोच मागू का?

माती_वाफसा
तोच मागा, नाही म्हणायला कोणाकडे कारण उरणार नाही. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. पाऊस पडल्यावर लगेच पाय देऊ नका, काळी माती दाबली गेली की विटेसारखी होते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती कामाजोगी झाली; चपटा बसला तर थांबा. मग गादीवाफे (उंच वाफे) करा, सपाट जागेत पाणी साचून मुळं सडतात. पहिल्या वर्षी पोकळा, अंबाडी, चवळी आणि कुंपणावर गिलके (घोसाळी). एवढं पुरे.

गच्चीवाला
ठिबक टाका म्हणजे पाण्याचं भांडणच मिटेल.

माती_वाफसा
टाकी नाही, प्रेशर नाही, ठिबक कशावर चालवणार? त्यापेक्षा केळीची वाळकी पानं मिळाली तर आच्छादन करा.

पालवी_नवी
आज संध्याकाळी बागेतल्या एका काकूंना भेटते, कोपरा आणि पाण्याची पाळी दोन्ही मागते. नकाशा बघायला गट नंबर लागेल ना? तो कुठे मिळतो?

गिरणाकाठ
घरमालकाच्या खरेदीखतात असतो. गट नंबर आणि प्लॉट नंबर दोन्ही लिहून घ्या.

केळीपट्टा
वांग्याचं बी मात्र आत्ताच टाका ताई, रोप व्हायला महिना-सव्वा महिना लागतो.