मदत हवी आहे: कोबो फॉर्ममधले कोरकू ऑडिओ गावात डाउनलोड होत नाहीत

मेळघाटात धारणी तालुक्यात पोषणाचा सर्व्हे करतोय, कोबो टूलबॉक्सवर (फोनवरच्या ॲपमधे फॉर्म भरून माहिती गोळा करायचं साधन). प्रश्न मराठीत आहेत पण बऱ्याच आया घरी कोरकूच बोलतात, म्हणून गावातल्या एका ताईच्या आवाजात ४६ प्रश्न रेकॉर्ड करून एक्सएलएस फॉर्मला (एक्सेलमधे बनवलेला कोबोचा फॉर्म) जोडले. तो आवाज ऐकला की बाई मान वर करून बोलायला लागते, त्यामुळे हे काही सोडायचं नाहीये.

अडचण अशी की सगळे ऑडिओ मिळून ३८ एमबी होतात आणि गावात नेटवर्क आलं तरी टिकत नाही, डाउनलोड मधेच तुटतं. धारणीला वायफायवर १४ फोनमधे ऑडिओ उतरवून आणले तेव्हा नीट चाललं, पण एक प्रश्न दुरुस्त केला की परत सगळ्यांना धारणीला बोलवायचं का? ऑडिओ मोनो (एकाच चॅनलचा) करून पाहिला, फार फरक नाही. पेनड्राइव्हने फाईल टाकायला गेलो तर नव्या अँड्रॉइडमधे ॲपचं फोल्डर फोनवरून उघडतच नाही, आणि गावात लॅपटॉप नाही. फॉर्म भरणं, नंतर पाठवणं व्यवस्थित होतंय, तो प्रश्न नाही.

एकच ऑडिओ बदलला तर ॲप तेवढीच फाईल उतरवतं की सगळ्या? आणि साध्या फोनच्या स्पीकरवर बोलणं स्पष्ट कळायला बिटरेट (दर सेकंदाच्या आवाजाला लागणारा डेटा) किती खाली नेता येईल?