गेमचा फ्रेम रेट १४४ वर नको, १४० वर अडवा
निपाणीकर, गेम खेळताना अडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू असूनही चित्र आडवं फाटतंय म्हणताय, तर आधी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार होतात, ते बघा. तुमच्या मॉनिटरची सिंकची रेंज ४८ ते १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं. गेम १७० वर पळाला की सिंक सुटतो. एक फ्रेम अर्धी रंगवून होते तोवर दुसरी घुसते, मग झटकन वळलं की दाराची चौकट मधोमध सरकलेली दिसते. फ्रेम १४० वर अडवा. व्ही-सिंक (मॉनिटर तयार होईपर्यंत नवी फ्रेम थांबवणारी सेटिंग) एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये चालू, गेममध्ये बंद. ४८ च्या खाली गेलं तर काळजी नको, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा दाखवतो. आणि तुमच्या जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्डाला एचडीएमआय केबल कशाला लावलीय? त्या कार्डात मॉनिटरसाठी सिंक सहसा डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीवरूनच मिळतो. खडेबाजारात केबल घेताना दोन्ही टोकं डिस्प्लेपोर्टची आहेत ना, बघूनच पैसे द्या.