क्वार्क : खरे कण की हिशेबाची सोय?

प्रश्न (दादर): प्रोटॉनसारख्या कणांचा घटक मानला जाणारा क्वार्क एकटा असा आजवर कोणालाही सापडलेला नसताना तो ‘आहे’ असे आपण नेमक्या कोणत्या अर्थाने म्हणतो? काल तोंडी परीक्षेत मी इथेच अडखळलो.

उत्तर (मुलुंड): हा संशय जुनाच आहे. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग या भौतिकशास्त्रज्ञांनी क्वार्कची ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली, तेव्हा गेल-मान यांची भाषा सावध, गणिताकडे झुकणारी होती, तर झ्वाइग यांना ते खरोखरचे घटक वाटत. पुढे स्टॅनफर्डला प्रोटॉनवर सोडलेले इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळा मोठ्या कोनातून वळू लागले, म्हणजेच आत काहीतरी बिंदूसारखे होते.

उत्तर (गिरगाव): होय, पण ‘बिंदूसारखे काहीतरी’ म्हणजे क्वार्कच, हे तेव्हा ठरले नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन त्यांना ‘पार्टॉन’ म्हणत. माझ्या मते पारडे फिरले ते १९७३ मध्ये, क्वार्क जवळ येताच त्यांना बांधणारे बल क्षीण होते हे गणिताने दाखवल्यावर, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये जे/साय कण (‘चार्म’ क्वार्क आणि त्याचा प्रतिकण, म्हणजे प्रतिक्वार्क, यांची जोडी) सापडल्यावर.

दादर: मग एकटा का मिळत नाही?

मुलुंड: पट्टीचुंबक मोडून पाहा, सुटा उत्तर ध्रुव हाती येत नाही. साम्य ढोबळ आहे. इथे क्वार्क एकमेकांपासून दूर ओढण्यात खर्चलेल्या ऊर्जेतूनच नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी जन्मते, म्हणून एकटा क्वार्क उरतच नाही.