धर्मशिक्षणाचा तास आणि भाषेचा प्रश्न

कॅथलिक शाळेच्या प्राथमिक वर्गांत सर्वच मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवला जातो, असे एका पालकांनी म्हटले आहे. त्यात थोडी भर घालतो. राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवता येत नाही. इंदूरमध्ये आमची मुलगी जाते त्या शाळेत कॅथलिक मुले, विशेषतः पहिल्या कम्युनियनची (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीची) तयारी करणारी, त्या तासाला दुसऱ्या खोलीत जातात आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण असते, ज्यात न विचारता घेतलेल्या खोडरबरावरही गंभीर चर्चा होते.

माझ्या मते खरे लक्ष द्यायला हवे ते भाषेकडे. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा कसरतीत मुलगी चाररेघी वहीत वळणदार इंग्रजी अक्षरे सुरेख गिरवते, पण त्याच ओळीचा अर्थ विचारला की गप्प बसते. म्हणून आम्ही रात्री तिला तो धडा आजीला मराठीत सांगायला लावतो, आणि आजीने काही न कळल्याचे सोंग आणले (ते तिला उत्तम जमते) की उत्तरे भराभर येतात. मराठी वाचन हिंदीच्या आधाराने आपोआप जमत गेले. ‘ळ’ तेवढा घरी गिरवून घ्यावा लागला.