मदत हवी आहे: आजीच्या पेटीतल्या हाली नोटा, सही आणि साल कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी,

आजी दोन महिन्यांपूर्वी गेली. परभणीच्या घरातली तिची पत्र्याची पेटी परवा उघडली, तर तळाशी इरकली लुगड्याच्या घडीत सात नोटा निघाल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या. पाच एक-एक रुपयाच्या, एक पाचाची, एक दहाची. विकायच्या नाहीत, हे आधीच सांगते. नीट वाचायच्या आहेत आणि सांभाळायच्या आहेत.

आजी शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' असंच म्हणायची. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली मोजले की सहा कलदार. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. तिच्या वडिलांचा कापसाचा धंदा होता. माल मुंबईकडे गेला की पैसे कलदारात यायचे आणि मजुरी हालीत द्यायची.

आता मला कळलं ते असं. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून १९१८ साली संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. सुरुवातीला त्या लंडनला वॉटरलो कंपनीत छापल्या जायच्या, पुढे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापू लागले. नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत आहे, पण किंमत मराठी, तेलुगू आणि कानडीतही आहे. ती मराठी अक्षरं मी किती वेळ बघत बसले होते.

अडचण क्रमांक एक. एक रुपयाच्या दोन नोटा चुलतभावाने काळजीपोटी गावातल्या दुकानात लॅमिनेट करून आणल्या. मला कळेपर्यंत काम झालं होतं. ते प्लास्टिक काढता येतं का? बाकीच्या पाच तरी वाचवायच्या आहेत.

दुसरी गोष्ट सह्यांची. एक रुपयाच्या नोटांवर अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असते. गुलाम मुहम्मद १९४२ पासून निजामाचे अर्थमंत्री होते, पुढे ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्या सहीच्या नोटा आहेत, आणि हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्यातले डॉ. मेलकोटे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री झाले, त्यांच्या सहीच्याही आहेत. म्हणजे १९४८च्या पोलीस कारवाईच्या (संस्थान भारतात विलीन झालं तिच्या) आधीची नोट कुठली आणि नंतरची कुठली, हे सहीवरून कळेल. मला उर्दू येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती दहाची नोट. तिच्यावर पाण्याचा पिवळट डाग आहे आणि सही दिसत नाही. एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, "ही 'इजिप्त' बोटीतली आहे, आजच देऊन टाका." मे १९२२ मध्ये ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. तिच्यात सोन्या-चांदीबरोबर हैदराबादच्या, सही न झालेल्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी माल वर काढला. हे सगळं खरं आहे. पण माझ्या नोटेला मधोमध घडी आहे आणि कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आहेत. समुद्रातून काढलेली नोट पणजोबांच्या हिशोबात कशी येईल? साल फसली (निजामाच्या राज्यातलं महसुली साल) आहे, १३३ पर्यंत वाचता येतं, शेवटचा आकडा नेमका घडीवर गेला आहे.

कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, आधी आजींना नमस्कार. लॅमिनेशनला हात लावू नका. इस्त्री, हेअर ड्रायर, कडेने सोलणं, काहीच नको. कागद प्लास्टिकबरोबर निघून येतो. कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसालाच दाखवा, आणि तो 'राहू द्या' म्हणाला तर राहू द्या. बाकीच्या नोटा पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. धुवायच्या नाहीत, सेलोटेप नाही, नोटेवर पेन्सिलनेही काही लिहायचं नाही. माहिती वेगळ्या चिठ्ठीवर.
दहाच्या नोटेबद्दल तुमची शंका मला पटते. बुडालेल्या नोटा चलनात आल्याच नव्हत्या, त्यांना टाचणी कोण लावणार? अंधारात टॉर्च आडवा, नोटेच्या पातळीत धरून बघा. पुसलेली शाई अशी कधी कधी दिसते. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतं.

धागा लिहिणारी:
रात्री दिवे घालवून बघितलं. घडीच्या रेघेवर घराच्या छपरासारखं काहीतरी दिसतंय, आतेभाऊ म्हणतो हा उर्दू आठ. म्हणजे १३३८, इसवी सन १९२८च्या आसपास. बोट त्याच्या सहा वर्षं आधी बुडाली होती. खालच्या बाजूला सहीच्या जागी एक वळसाही आहे, फिका पण आहे.

व्यापाऱ्याला नकार कळवला. पॉलिएस्टरची पाकिटं मागवली आहेत. एक रुपयाच्या तीन सुट्ट्या नोटांच्या सह्यांचे जवळून काढलेले फोटो उद्या टाकते. उर्दू वाचणारं कुणी असेल तर नक्की बघा.