प्रति: न्हाणीतल्या टाइल्सचे सांधे उखडले, व्हाइट सिमेंट भरू का?

भाऊ, उखडलेल्या सांध्यांवर नुसतं व्हाइट सिमेंट वरून फासू नका. ते सुकताना आकसतं, बारीक भेगा पडतात आणि पोपडा निघतो. बाजारात पॉलिमरवालं ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा तयार मसाला) मिळतं, तेच आणा.

खरी मेहनत जुना मसाला काढण्यात आहे. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने सांधा निदान टाइलच्या अर्ध्या जाडीपर्यंत खरडा, ब्रशने धूळ काढा, मग ओलं फडकं फिरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोरडा सांधा ग्राउटमधलं पाणी क्षणात ओढून घेतो आणि भरलेलं भुसभुशीत होतं. म्हणून काम सकाळीच करा, नंतर दोन-तीन दिवस सांधे ओलसर ठेवा.

तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले, तिथे जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात ग्राउट कालवू नका, सांध्यांवर पांढरे क्षार फुटतात. प्यायचं पाणी घ्या. आणि ते डाग काढायला अ‍ॅसिड तर अजिबात नको! सिमेंटमधला चुना अ‍ॅसिडात विरघळतो. माझ्या मते निम्म्या न्हाण्यांचे सांधे अ‍ॅसिडनेच जातात.

भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. भेग सांधा सोडून टाइलमधूनही सरळ रेषेत गेली असेल, तर खालची काळी माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसत असण्याची शक्यता मोठी. मग ग्राउटवर पैसे घालू नका, आधी जाणत्या मिस्त्रीला पाया दाखवा.