न. चिं. केळकर: 'केसरी'चे संपादक कायदेमंडळात गेले, ते योग्य होतं का?

वाडीतली मेधा
नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्यातल्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मला तात्यासाहेब केळकरांवर बोलायचंय. १९२१ साली इथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणून विषय निघाला. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत त्यांच्या टिळकचरित्राचे खंड वाचतेय, पण अडलंय भलतीकडेच. टिळकांच्या गादीवर बसलेला संपादक १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात जातो, हे लोकांनी कसं घेतलं असेल? मंडळातले एक काका ठणकावून सांगतात, "केळकरांनी केसरी मवाळ केला." मला ते पटत नाही, पण तोंडावर उत्तर सुचत नाही.

कारेलीबागकर
लोकांनी निवडून दिलं, हेच उत्तर. १९२६ ला पुन्हा दिलं. १९२९ पर्यंत होते ते तिथे.

निवृत्त मास्तर, दांडिया बाजार
मेधाताई, काकांना आधी एवढंच विचारा, की खुद्द टिळक कायदेमंडळाबद्दल काय म्हणत होते? ब्रिटिश सरकारने दिलेल्या १९१९ च्या राजकीय सुधारणा तोकड्या आहेत, पण पदरात पडल्या तेवढ्या घ्या आणि उरलेल्यासाठी भांडा. सरकार जसं वागेल तसं आपण वागू. ही प्रतियोगी सहकारिता त्यांनी काँग्रेसच्या अमृतसर अधिवेशनात मांडली. एप्रिल १९२० मध्ये निवडणुका लढवायला पक्षाचा जाहीरनामाही काढला. १ ऑगस्टला ते गेले आणि त्याच वर्षी काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला. वाट बदलली ती काँग्रेसने. तात्यासाहेब होते तिथेच होते, आणि चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंचा, कायदेमंडळात शिरून लढणारा स्वराज्य पक्ष निघाल्यावर त्यातून निवडून गेले.

आणि मवाळ? १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्यावर 'मराठा' या त्यांच्या इंग्रजी साप्ताहिकात लिहिलं म्हणून कोर्टाच्या बेअदबीखाली याच माणसाने तुरुंग पाहिलाय. हे काकांना जरूर सांगा.

अधिवेशनं दिल्लीला नाहीतर सिमल्याला, केसरीचं कामकाज पुण्यात, आणि त्यातच टिळकचरित्राचं लेखन चालू. तुमच्या हातातला पहिला खंड १९२३ चाच आहे बघा, निवडणुकीच्या वर्षातला. मला या माणसाच्या कामाच्या उरकाचा फार आदर वाटतो.

कारेलीबागकर
मास्तर, सगळं मान्य. पण १९२५ चं तांबे प्रकरण? स्वराज्य पक्षाचा माणूस मध्य प्रांतात सरकारच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसला आणि केळकर, जयकर त्याच्या बाजूने उभे राहिले. पक्ष फुटला तो तिथे.

निवृत्त मास्तर, दांडिया बाजार
फुटला, खरंय. मोतीलालजी चिडले तेही समजण्यासारखं आहे. आत जायचं ते अडवायलाच, असं त्यांचं धोरण. तात्यासाहेबांचं म्हणणं, आत गेलोच आहोत तर अधिकाराची जागा दुसऱ्याला का सोडायची? पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलेला माणूस असाच विचार करणार. खुर्चीवर बसल्याशिवाय नळाला पाणी येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी तर त्यांच्याच बाजूचा आहे.

मेधाताई, एक गोष्ट मात्र भाषणात सोडू नका. बडोद्याच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी 'सविकल्प समाधी' मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, त्याच्या सुखदुःखात शिरतो, तरी आपण आपण आहोत हे भान सुटत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे. वर्गात शिकवताना दरवेळी मला वाटायचं, की हा साहित्याचा सिद्धांत आहेच, पण केळकरांचा स्वभावही हाच. प्रतिपक्षाच्या मनात शिरून त्याची बाजू समजून घ्यायची आणि आपली जागा सोडायची नाही. संपादकाला हे लागतं, सभागृहात तर लागतंच. टिळकांच्या जळत्या अग्रलेखांची सवय झालेल्या वाचकाला तो समतोलपणा थंड वाटला. काकांची तक्रार तिथून आलीय.

वाडीतली मेधा
मास्तर, शतशः आभार. बडोदं आणि कायदेमंडळ एकाच भाषणात कसं बसवायचं, हा माझा घोर मिटला. आता पुढे काय वाचू?

निवृत्त मास्तर, दांडिया बाजार
'गतगोष्टी', त्यांचं आत्मचरित्र. सगळं नको, साताऱ्याची वकिली सोडून १८९६ मध्ये टिळकांकडे आले तिथपासून धरा. लायब्ररीत नाही मिळालं तर विद्यापीठाच्या मराठी विभागात विचारा. आणि काकांना पहिल्या रांगेत बसवा, त्यांचे प्रश्न सगळ्यांनी ऐकायला हवेत.